पण कोणतं १७?

"आपण जावा १७ वापरतो ना?"

"हो."

"पण कोणतं १७?"

हा प्रश्न विचारला आमच्या टीममध्ये दोनच महिन्यांपूर्वी आलेल्या एका मुलीने, २०२४च्या जुलैच्या सुरुवातीला. आमचे एक सीनियर "सतरा म्हणजे सतरा, त्यात कोणतं काय?" असं म्हणून चहाला निघून गेले. ती काही बोलली नाही. सगळे उठल्यावर माझ्या टेबलापाशी आली. "दादा, हे जरा बघतोस?" तिने बिल्डच्या कंटेनरमध्ये शिरून तिथल्या जावा कंपायलरलाच त्याची आवृत्ती विचारली होती. उत्तर आलं होतं १७.०.२.

आता ज्यांचं पोट या धंद्यावर नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कंटेनर इमेज म्हणजे कंपायलर, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या आणि खाली एखादं छोटंसं लिनक्स असं सगळं भरून ठेवलेली बंद बरणी. कुणी कोड चेक-इन केला की बिल्ड सर्व्हर ती बरणी उतरवून घेतो, आतल्या कंपायलरने प्रॉडक्ट बांधतो आणि काम झालं की कंटेनर फेकून देतो. बरणीवर एक चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणायचं. 'ओपनजेडीके:१७' ही अशीच एक चिठ्ठी. ज्यांच्या घरी बोर्नव्हिटाच्या बरणीत बेसन आणि श्रीखंडाच्या डब्यात मोहरी असते, त्यांना चिठ्ठीवर किती भरवसा ठेवायचा ते मी वेगळं सांगायला नको :)

जावा १७ आलं सप्टेंबर २०२१मध्ये. त्यानंतर दर तीन महिन्यांनी, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असं, त्याची दुरुस्त आवृत्ती निघते. १७.०.२ ही जानेवारी २०२२ची. २०२४च्या एप्रिलमध्ये १७.०.११ येऊन गेलं होतं. म्हणजे आम्ही नऊ तिमाही दुरुस्त्या मागे होतो. आणि गंमत बघा, आमचा बिल्ड सर्व्हर काही आळशी नव्हता. दर रात्री इमेज नव्याने तपासून घे असं त्याला सांगितलेलं होतं आणि तो ते इमानेइतबारे करत होता. दर रात्री जाऊन तेच जुनं बेसन नव्याने आणत होता.

असं का झालं? ओपनजेडीकेची ही इमेज जावा १७ घ्यायची जेडीके.जावा.नेट या साइटवरून. तिथे ओरॅकल एखाद्या आवृत्तीचे मोफत खुले बिल्ड साधारण सहा महिनेच ठेवतं, पुढची मोठी आवृत्ती येईपर्यंत. मार्च २०२२मध्ये जावा १८ आलं आणि तिथलं १७ थांबलं ते १७.०.२वर. पुढे २०२२च्या जुलैच्या सुमारास ती इमेजच निवृत्त झाल्याचं जाहीर केलं गेलं. तिच्या पानावर अगदी वर, ठळक अक्षरांत लिहिलंय की यापुढे एक्लिप्स टेमुरिन, ॲमेझॉन कॉरेटो, सॅपमशीन अशांपैकी एखादी वापरा. त्यांची काही चूक नाही. पाटी लावली होती. पण पाटी होती पानावर, आणि बिल्ड सर्व्हर पान वाचत नाही. टॅग काढून टाकला असता तर आमचा बिल्ड त्याच रात्री बोंबलला असता आणि अर्ध्या तासात काम झालं असतं. टॅग ठेवला, कारण काढला की जगभरचे बिल्ड एकदम मोडतात. हेही कारण बरोबरच आहे म्हणा.

आमची डॉकरफाईल लिहिली होती जानेवारी २०२२मध्ये, तेव्हा ती एकदम ताजी होती. लिहिणारा पुढे दुसऱ्या कंपनीत गेला. नंतर त्या फायलीला कुणी हात लावला नाही, कारण लावायचं कारणच पडलं नाही. बिल्ड हिरवा होता.

मी मॅनेजरना सांगितलं. ते म्हणाले, "चालतंय ना? रिलीज तोंडावर आहे. आत्ता कशाला?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमचं सॉफ्टवेअर सहकारी पतसंस्थांसाठी आहे. कर्ज, ठेवी, पिग्मी, पासबुक. शाखेतला माणूस लॉगिन झाला की सर्व्हर त्याला एक सही केलेलं टोकन देतो आणि पुढच्या प्रत्येक व्यवहाराला ते टोकन तपासतो. सही ईसीडीएसए पद्धतीची. आणि बांधायलाही तीच इमेज, चालवायलाही तीच.

ईसीडीएसएची सही म्हणजे दोन मोठे आकडे. तपासणीची पहिली पायरी अशी की यातला कुठलाही आकडा शून्य नाही ना ते बघा. जावा १५च्या वेळी हा तपासणीचा कोड सी++ मधून जावात नव्याने लिहिला गेला, त्यात ही पायरी गळाली. दोन्ही आकडे शून्य दिले की गणित आपोआप जुळतं आणि सही खरी ठरते! कुणाचीही, कशावरचीही. नील मॅडन यांनी ते शोधून काढलं आणि एप्रिल २०२२मध्ये ते जाहीर झालं. सीव्हीई-२०२२-२१४४९. दुरुस्ती आली १७.०.३मध्ये. आम्ही होतो १७.०.२वर. एकाच आकड्याने हुकलं.

त्या मुलीने आणि मी टेस्ट सर्व्हरवर प्रयोग केला. टोकनमध्ये शाखाधिकारी म्हणून लिहिलं आणि सहीच्या जागी ६४ शून्य बाइट. बेस६४मध्ये ते दिसतं कसं, तर इंग्रजी ए, ए, ए, ए... सलग ८६ वेळा. शाळेत पाटीवर गिरवल्यासारखं. पाठवलं. सर्व्हरने आत घेतलं. आमची टोकनची लायब्ररीही त्याच काळातली होती. पुढे अशा लायब्रऱ्या शून्य आकडे स्वतःच नाकारायला लागल्या, पण आमच्याकडे मधे कुणीच आडवं आलं नाही.

ठेवीदारांची यादी समोर उघडली. टेस्टमधली होती, नावं खोटी होती. तरी दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. माझी आत्या गावाकडे अशाच एका पतसंस्थेत पिग्मी भरते.

ते ८६ ए मी मॅनेजरना त्यांच्याच स्क्रीनवर दाखवले. "हे माझं नाव आणि हा माझा पासवर्ड" एवढंच म्हणालो. रिलीज एक दिवस पुढे गेलं. असो.

बदल अगदी छोटा होता. 'ओपनजेडीके' खोडून 'एक्लिप्स-टेमुरिन'. पण मग मला त्या चिठ्ठ्यांचंच वेड लागलं. कुठली इमेज जिवंत आहे हे ओळखायचं कसं? 'लेटेस्ट' हे नाव काही सांगत नाही, ते फक्त नाव आहे. तयार केल्याची तारीख बघावी तर काही इमेज मुद्दाम १९७०ची तारीख लावून बनवतात, म्हणजे तोच मालमसाला पुन्हा बांधला तर बाइट न् बाइट तेच निघावं. डॉकर मग सांगतं, ही इमेज पन्नासहून जास्त वर्षं जुनी आहे. माझ्यापेक्षा मोठी!

ऑफिशियल इमेजेसच्या बाबतीत मला सापडलेली सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे गिटहबवरची 'डॉकर-लायब्ररी'ची ऑफिशियल इमेजेस रिपॉझिटरी. तिथे 'लायब्ररी' फोल्डरमध्ये प्रत्येक इमेजची एक साधी टेक्स्ट फाईल आहे, त्यात आज बांधले जाणारे सगळे टॅग लिहिलेले असतात. तुमचा टॅग तिथे नसेल तर तो हबवरून उतरेल, चालेल, पण त्याच्या मागे कुणी माणूस उरलेला नाही. आता दर सोमवारी आमचा एक छोटा जॉब ती फाईल आणि आमच्या डॉकरफाईली ताडून बघतो आणि कंटेनरमधल्या कंपायलरला आवृत्ती विचारतो. त्या मुलीने जे हाताने केलं तेच. शिवाय टॅगबरोबर डायजेस्ट, म्हणजे आतल्या मालाचा अंगठा, लिहून ठेवतो. अंगठा बदलला की रेनोव्हेट नावाचा बॉट पुल रिक्वेस्ट उघडतो आणि माणूस बघून ती घेतो.

"मग सरळ नेहमी नवीनच घ्यायचं ना!" असं कुणी म्हणेल. त्यांनी आमचं पासबुक छापायचं मॉड्यूल बघावं. ते सी मध्ये आहे, वीसेक वर्षांपूर्वीचं. त्याचा बिल्ड डेबियन ९ वर होता. २०२३मध्ये डेबियन ९ची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून उचलून संग्रहात गेली आणि 'ॲप्ट-गेट अपडेट'ला ४०४ यायला लागलं. तेव्हा कुणीतरी पत्ता बदलून संग्रहाचा टाकला आणि जीसीसी ६ तसाच चालू राहिला. म्हटलं, हेही उरकून टाकू. 'जीसीसी:१४' लावला आणि पडद्यावर लाल रंगाचा पाऊस! फंक्शन आधी न सांगता वापरलं की जुना जीसीसी नुसता वॉर्निंग देत असे, १४ सरळ एरर देतो. तीनशेच्या वर एरर. शिव्या घातल्या, मग एकेक बघायला लागलो. त्यातल्या दोन ठिकाणी पॉइंटर इंटमध्ये कापला जात होता. सोप्या भाषेत, एखाद्या दिवशी भलत्याच खात्याची ओळ छापली गेली असती.

ते निस्तरल्यावर शाखेतल्या मशीनवर प्रोग्राम उठेचना. जीसीसीची इमेज उभी होती डेबियन १२वर, ग्लिबसी २.३६. शाखेत उबंटू २०.०४, ग्लिबसी २.३१. नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालत नाही. कंपायलर नवा हवा आणि त्याखालचं लिनक्स जुनं, पण सांभाळलं जाणारं हवं. पायथॉनवाले त्यांच्या मेनीलिनक्स इमेजमध्ये हेच करतात. अल्मालिनक्स ८, ग्लिबसी २.२८ आणि वर जीसीसी टूलसेट. त्याच वाटेने गेलो. ८ला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत, तोवर शाखांची मशीन बदलतील अशी आशा.

तीनशे एररपैकी आता एकाच फायलीतले अकरा उरलेत. ती फाईल प्रिंटरवर मराठी अक्षरं जुळवते, आणि तिच्यातल्या कॉमेंट्स लिहिणाऱ्याने शिवाजी फाँटमध्ये टंकल्या होत्या, त्यामुळे काय लिहिलंय ते आधी युनिकोडमध्ये आणावं लागणार. उद्याचा रविवार त्यातच जाईल.