कोरडी काठी

माझे बालपण अहमदनगरजवळच्या भिंगारमध्ये गेले. अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. आमच्या घरावर पत्रे होते. कपडे वाळत घालण्यासाठी अब्बांनी अंगणात एक लोखंडी तार बांधली होती. तिचे एक टोक पत्र्याला अडकवलेले होते.

मी तेव्हा सातवीत होतो. पावसाळ्याचे दिवस होते. अम्मी ओली चादर तारेवर टाकायला गेली आणि एकदम किंचाळली. तिचा हात तारेवरून सुटेना. दिव्याच्या वायरीचे आवरण पत्र्याला घासून फाटले होते. वीज पत्र्यात उतरली होती आणि पत्र्यातून तारेत आली होती.

मी जवळची लोखंडी नळी उचलायला धावलो. तेवढ्यात शेजारचे काका ओरडले, "नळी नको! अम्मीलाही हात लावू नकोस! पळ, मेन स्विच बंद कर!"

मी घरात पळालो. काकांनी त्यांच्या पडवीतली कोरडी काठी आणली आणि अम्मीचा हात तारेपासून दूर ढकलला. अम्मी खाली पडली. पण ती वाचली. तिच्या बोटांवर भाजल्याच्या खुणा मात्र कायम राहिल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. नळी का नको? काठी का चालली?

दुसऱ्या दिवशी मी विज्ञानाच्या सरांना विचारले. सर म्हणाले, "प्रत्येक वस्तू अणूंची बनलेली असते. अणूत इलेक्ट्रॉन असतात. कोरड्या लाकडात ते आपापल्या घरी दार लावून बसलेले असतात. धातूत मात्र काही इलेक्ट्रॉन जत्रेतल्या मुलांसारखे मोकळे हिंडतात. विजेचा दाब मिळाला, की ते सगळे एका दिशेने सरकू लागतात. तोच विजेचा प्रवाह. उष्णताही मुख्यतः हेच इलेक्ट्रॉन वाहून नेतात. म्हणून गरम चहात ठेवलेला चमचा हात भाजतो आणि तव्याला लाकडी मूठ लावतात."

मी विचारले, "सगळे धातू सारखेच का?"

"नाही. चांदी पहिली, मग तांबे, सोने आणि ॲल्युमिनियम. लोखंड बरेच मागे. शिवाय भेसळ झाली, की वाट अडते. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ इ. स. १५४९ मध्ये आपल्या अहमदनगरला ओतली गेली. तिच्यात तांबे आणि कथील आहे. कथिलामुळे तांबे कठीण होते. तोफेला ते हवेच असते. पण कथिलाचे अणू इलेक्ट्रॉनांच्या वाटेत येतात, म्हणून वीज कमी वाहते. वायरीसाठी तांबे शुद्धच लागते."

शेवटी सर म्हणाले, "एक लक्षात ठेव. काठी कोरडी होती, म्हणून उपयोगी पडली. पाण्यात क्षार विरघळलेले असतात. काठी ओली असली, तर तिच्यातूनही वीज वाहू शकते."

मी घरी आलो, तर अब्बा अंगणातली तार काढत होते. त्यांनी तिच्या जागी दोरी बांधली, तीही पत्र्यापासून दूर. फाटलेली वायर बदलून घेतली.

या गोष्टीला बरीच वर्षे झाली. काकांची ती काठी आजही आमच्या दाराआड उभी असते. पावसाळा आला, की अम्मी ती आत घेते आणि हाताने चाचपून पाहते. मग मला विचारते, "कोरडी आहे ना रे?"