गोटमारीच्या दिवशी एक चाकू

श्रावण अमावास्येला पोळा फुटतो आणि दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, आमच्या सावरगावात सकाळपासून कोणाचेच घरकामात लक्ष लागत नाही. सावरगाव आणि पांढुर्णा यांच्या मधून जाम नदी वाहते. तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवून शेंड्याला झेंडा बांधतात. तो झेंडा काढून न्यावयास पांढुर्णेकर पुढे सरसावतात आणि सावरगावकर त्यांना दगडांनी अडवितात. तिकडूनही उत्तर दगडांनीच येते. हीच आमची गोटमार. पांढुर्ण्याच्या एका तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली, नदी ओलांडताना त्या दोघांवर दगड पडले व त्यातच त्यांचा अंत झाला, अशी तिच्या मुळाशी दंतकथा सांगतात. दिवस मावळता झेंडा चंडीमातेच्या चरणी जातो आणि दोन्ही काठांवरची माणसे पुन्हा सोयरी होतात. दरवर्षी शेकडो जखमी होतात. कित्येकांचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण ते काही रुजले नाहीत.

गतवर्षी त्या दिवशी मी घराच्या ओसरीवर बसून एक मोडका चाकू दुरुस्त करीत होतो. त्याचीच ही हकीकत आहे.

चाकू आजोबांचा. पात्याच्या मुळाशी भिंगातून पाहिले असता एक तारा व त्याशेजारी एक क्रूस दिसतो. इंग्लंडातील शेफील्ड नगरीच्या जोसेफ रॉजर्स आणि सन्स या कारखान्याची ती खूण. खाली मुकुटाच्या दोन बाजूंना ‘जी’ आणि ‘आर’ ही अक्षरे आहेत. म्हणजे जॉर्ज राजाची राजवट, अर्थात १९१० नंतरचा काळ. त्याच शेफील्डमध्ये १९१३ साली हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद सिद्ध केले. परंतु आमचा चाकू जुन्या पोलादाचा, गंजणारा, मात्र धार धरणारा. आजोबा त्याने मुलांचे बोरू तासून देत. पुढे तो बाबांकडे आला आणि बोरूंचा जमाना सरल्यावर संत्र्यांच्या कलमांकडे वळला.

आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात संत्र्याचा बगीचा म्हणजे घराची अब्रू. १९५६ च्या नोव्हेंबरात प्रांतरचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो; २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा स्वतः जिल्हा झाला. कागदोपत्री पत्ते बदलले. घरातली मराठी आणि शेतातली संत्री बदलली नाहीत. बाबा डोळे भरण्यात वाकबगार होते. जंभेरीच्या पेन्सिलीएवढ्या खुंटावर, जमिनीपासून चांगले वीतभर उंच, सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर द्यावयाची, तीत संत्र्याच्या काडीवरून काढलेला डोळा सरकवावयाचा आणि डोळा उघडा ठेवून पट्टी बांधावयाची. वीतभर उंच अशासाठी की ओली माती कलमाच्या जोडाला लागली तर डिंक्या रोग धरतो आणि बुंध्यातून डिंक वाहून झाड बसते. चीर स्वच्छ हवी. पाते बोथट असेल तर साल फाटते आणि डोळा सुकतो. बाबांना दोन्ही काठांवरून बोलावणी येत.

मी आठवीत असताना बाबा गोटमारीत उतरले आणि एका दगडाने त्यांचा उजवा अंगठा चेचला. तो दगड कोणी मारला हे कोणास ठाऊक नव्हते, आणि बाबांनीही ते कधी विचारले नाही. अंगठा बरा झाला, पण वळेना. त्या हिवाळ्यात त्यांनी दोनदा चाकू हाती घेतला, दोनदा खाली ठेवला आणि मग तो फळीवरच्या डब्यात गेला. बाबा वारल्यावर डबा उघडला तेव्हा पाते गंजून मिटलेले होते, मुठीच्या एका बाजूचे शिंग किड्यांनी खाल्ले होते आणि आतला पितळी पत्रा उघडा पडला होता. तो तसाच कित्येक वर्षे माझ्या मेजात होता.

त्या सकाळी धाकट्या भावाचा मुलगा, अकरावीतला, दाराशी घुटमळत होता. उंबऱ्याशी त्याने चार गोटे जमवून ठेवले होते.

“मोठे बाबा, मी जाऊ का नदीवर? नुस्ता पाहाले.”

नुसते पाहावयासच बाबाही गेले होते. पण ‘नको’ म्हणण्याचा अधिकार मला किती? मीही त्या वयात गेलोच होतो. मी म्हणालो, “जाशील. पण आधी हे धर. मला दोन हात पुरत नाहीत.”

पोळ्याच्या दोन दिवस आधीपासून सांध्यात घासलेटाचे थेंब सोडीत होतो. घाईने पाते उपसले तर पाठीची कमान तडकते, आणि कमान मोडली की घरी इलाज नाही. तिसऱ्या दिवशी पाते आपसूक हलले. उघडले तो सांध्याची खिळी झिजल्याने ते डगडग करीत होते. गंज मी राख आणि घासलेटाने चिंधीवर घासला. यंत्राच्या सहाणेवर धरा, लवकर होईल, असे कोणी सुचविले होते. पण पातळ पाते तापून निळे पडले की त्याचे पाणी उतरते, आणि कारखान्याची खूणही जाते. काळे डाग राहिले ते राहू दिले.

खिळीचे डोके कानशीने घासून ती बारीक खिळ्याने बाहेर ठोकली. नवी खिळी सायकलच्या तारेची केली. आता ऐरण हवी होती. मुलगा उठला आणि उंबऱ्याशी ठेवलेल्या गोट्यांतला एक सपाट गोटा घेऊन आला. काही न बोलता त्याने तो माझ्यापुढे ठेवला. त्यावर खिळी टेकवून, पाते व पत्रा यांच्यामध्ये तेलकट कागदाची पट्टी घालून, मी लहान हातोडीने हलके हलके डोके फुलवीत गेलो. कागद अशासाठी की सांधा आवळला तर पाते फिरत नाही. चाकू त्याने धरला होता. नदीवरून मोठा ओरडा आला, त्याचे हात हलले, पुन्हा स्थिरावले. कागद ओढून काढला. पाते उघडून मिटले तेव्हा ‘खट्’ असा आवाज झाला. तो आवाज मी लहानपणानंतर प्रथमच ऐकत होतो.

खाल्लेल्या शिंगाच्या जागी बगीच्यातल्या संत्र्याचे लाकूड बसविले. डिंक्याने वाळलेले ते झाड बाबांनीच लावलेले होते. संत्र्याचे लाकूड पिवळसर व घट्ट असते. तासून, डिंकून, दोन पितळी खिळ्यांनी पक्के केले आणि जवसाचे तेल चोळले. एक बाजू शिंगाची, एक लाकडाची. जोड दिसतो. दिसू दे. दुरुस्ती म्हणजे काही वस्तू नवी करणे नव्हे. ती पुन्हा कामास लागावी, एवढेच. धार लावता लावता ऊन उतरले. मुलगा नदीवर गेला नाही; मी त्याला ‘थांब’ असे एकदाही म्हणालो नव्हतो. पुढील वर्षी जाईलही. ते मी सांगू शकत नाही.

हिवाळ्यात बारा खुंटांवर आम्ही डोळे भरले. मी पुस्तकी, तो नवखा. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडून पाहिल्या तेव्हा बारांपैकी सात हिरवे होते. बाबा असते तर पाचांविषयी बोलले असते. आम्ही मात्र त्या सातांना पाणी घातले आणि चाकू पुसून, तेलाचा हात देऊन, मिटून ठेवला.

तो सपाट गोटा अजून ओसरीवर आहे. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकवितो.