निळेपणा गेल्यानंतर

ज्या जन्मजात हृदयदोषांमुळे बालकाचे ओठ व नखे निळसर दिसतात, त्यांत टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो हा सर्वाधिक आढळणारा दोष आहे. फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य आर्थर फॅलो यांनी १८८८ मध्ये त्याचे वर्णन करताना चार विकृती एकत्र सांगितल्या: निलयांमधील, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील, पडद्याला असलेले छिद्र, उजव्या निलयातून फुफ्फुसांकडे जाणारा अरुंद मार्ग, त्या छिद्रावर सरकून आलेली महाधमनी आणि दाबामुळे जाड झालेला उजवा निलय. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांनी रुग्णाचे रक्ताभिसरण दुसऱ्या व्यक्तीच्या रक्ताभिसरणाला जोडून हा दोष प्रथमच हृदयाच्या आतून दुरुस्त केला. आज हेच काम हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधाराने आणि बहुधा बालकाच्या पहिल्या वर्षाच्या आसपास केले जाते. छिद्र ठिगळाने बुजवतात, अरुंद मार्ग मोकळा करतात आणि बालकाचा रंग त्याच दिवशी पालटतो. रंग पालटला म्हणजे आजार संपला, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक असले तरी देखरेखीचा कठीण भाग तेथूनच सुरू होतो.

शस्त्रक्रियेसाठी काही काळ थांबवलेल्या हृदयाचा स्नायू थकलेला असतो आणि यंत्राच्या नळ्यांशी रक्ताचा संपर्क आल्याने शरीरभर दाहाची प्रतिक्रिया उमटलेली असते. त्यामुळे साधारण सहाव्या ते अठराव्या तासाच्या दरम्यान हृदयाने बाहेर फेकलेल्या रक्ताचे प्रमाण घसरते. या अवस्थेत रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते, कारण बालकाच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून दाब बराच वेळ टिकवून धरतात आणि तो खाली येतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून तळपाय गार पडत आहेत का, लघवी ताशी दर किलो वजनामागे एक मिलीलिटरच्या खाली गेली आहे का, आणि पेशींना प्राणवायू अपुरा पडू लागला की रक्तात वाढणारे लॅक्टेट चढत आहे की उतरत आहे, याच्या नोंदी तासातासाने ठेवल्या जातात. एका वेळच्या आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक सांगते, आणि पायांवरून हात फिरवून फरक ओळखणाऱ्या अनुभवी परिचारिकेची बरोबरी कोणताही मॉनिटर करू शकत नाही. छातीतून रक्त वाहून नेणाऱ्या नळीतील स्राव एकाएकी थांबला तर तेही नेहमीच शुभचिन्ह नसते. नळी गुठळीने तुंबून रक्त हृदयाभोवती साचत असेल, तर तेच हृदयाला दाबून टाकते.

फॅलोच्या दुरुस्तीनंतर विशेष भीती असते ती जंक्शनल एक्टोपिक टॅकिकार्डियाची, म्हणजे हृदयाच्या वरच्या व खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या विद्युतकेंद्राजवळून निघणाऱ्या अतिजलद ठोक्यांची, आणि ही लय बहुधा पहिल्या दोन दिवसांतच उद्भवते. ताप आणि हृदयाला चेतवणारी औषधे तिला खतपाणी घालत असल्याने अशी औषधे शक्य तितकी कमी करून बालकाचे अंग मुद्दाम थंड ठेवले जाते, मॅग्नेशियमची पातळी राखली जाते आणि गरज पडल्यास अॅमिओडॅरोन दिले जाते. बाळाला थंड का करत आहेत, हे काचेबाहेर उभ्या असलेल्या आईवडिलांना आधीच समजावून सांगितले तर अर्धी घालमेल वाचते. याउलट, छिद्राच्या कडेलगत जाणाऱ्या विद्युतमार्गाला टाक्यांमुळे इजा झाली तर वरच्या कप्प्यांचे संदेश खाली पोहोचेनासे होतात. त्यासाठीच शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयावर तात्पुरत्या तारा बसवलेल्या असतात. आठवडा-दहा दिवसांत लय परतली नाही तर कायमस्वरूपी पेसमेकरचा निर्णय घ्यावा लागतो.

मात्र या दोषाची खरी लांबलेली कहाणी झडपेची आहे. फुफ्फुसधमनीच्या झडपेचे कडे फार लहान असेल तर ते छेदून त्यावर आडवे ठिगळ लावावे लागते; त्यामुळे मार्ग रुंद होतो, परंतु झडप निकामी होऊन प्रत्येक ठोक्यामागे काही रक्त उजव्या निलयात परत येते. ही गळती वर्षानुवर्षे सहन होते, आणि दम हळूहळू कमी होत असल्याने मुलाला स्वतःला ते जाणवत नाही. तोवर निलय फुगत जातो, ईसीजीवरील क्यूआरएस हा पट्टा रुंदावतो आणि तो १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की घातक लयबिघाडाची शक्यता वाढते. एमआरआयवर मोजलेले निलयाचे आकारमान शरीराच्या दर चौरस मीटरमागे सुमारे १६० मिलीलिटरपर्यंत पोहोचण्याआधी नवी झडप बसवण्याचा विचार व्हावा, असे तज्ज्ञ मानतात, कारण त्यापुढे फुगलेला स्नायू पुरता पूर्ववत होत नाही. काही रुग्णांत ही झडप आता मांडीतल्या शिरेतून, छाती न उघडता बसवता येते. तीही कायमची नसते.

महाराष्ट्रात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांतून व शाळांतून असे दोष शोधतात, आणि असंख्य कुटुंबांना ही शस्त्रक्रिया सरकारी योजनांमुळेच परवडते. परंतु तो कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो, आणि गळतीचे परिणाम प्रकट होण्याचा काळ नेमका त्यानंतरचा असतो. शिक्षण, नोकरी, लग्न यांत तपासण्या सुटतात आणि कित्येक मुली गर्भारपणातील धाप लागल्यावरच हृदयरोगतज्ज्ञांकडे परततात. ही त्रुटी वैद्यकाची नसून व्यवस्थेची आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे. तोपर्यंत पालकांनी शस्त्रक्रियेचा मूळ अहवाल, विशेषतः झडपेचे कडे छेदले होते की नाही याची नोंद, जपून ठेवावी, त्याची प्रत मूल मोठे झाल्यावर त्याच्या हाती द्यावी, दातांची निगा राखावी आणि तक्रार नसली तरी वर्षातून एकदा इको व ईसीजी करून घ्यावा.