चौदा शिक्के

पोस्ट लांब आहे. बोईसरला गाडीत चढून वाचायला घेतलीत तर विरारच्या आत संपेल.

सुरुवात जुन्या बातमीपासून करतो. एप्रिल २००९, ईस्टरचा शनिवार-रविवार. ॲमेझॉनवरच्या हजारो पुस्तकांचा विक्री-क्रमांक एकाएकी गायब झालेला दिसला. पुस्तकं दुकानात होतीच, पैसे भरले असते तर घरीही आली असती. फक्त हे पुस्तक विक्रीत कितवं आहे हे सांगणारा आकडा पुसला गेला. आणि तो गेला की पुस्तक बेस्टसेलरच्या यादीतून जातं, कित्येकदा नाव टाकून शोधलं तरी वर येत नाही. गेली कोणती? शृंगारिक कादंबऱ्या, आणि समलिंगी माणसांबद्दलची ढीगभर पुस्तकं. जेम्स बाल्डविनची 'जोव्हानीज रूम', ई. एम. फॉर्स्टरची 'मॉरिस', अगदी दोन आया असलेल्या मुलीची लहान मुलांसाठीची चित्रगोष्टसुद्धा. प्लेबॉयच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक मात्र आकड्यासकट शाबूत. आपलं मूल समलिंगी होऊ नये म्हणून काय करावं हे पालकांना सांगणारं एक पुस्तक होतं, तेही शाबूत. उलट शोधल्यावर तेच पहिलं यायचं.

मार्क प्रोब्स्ट नावाच्या लेखकाने विचारणा केली तर त्याला उत्तर मिळालं की 'प्रौढांसाठीचा' मजकूर आम्ही काही याद्यांतून वगळतो. मग जगभर बोंबाबोंब झाली. तेव्हा कंपनीने सांगितलं, हे धोरण नव्हे, यादी लावताना झालेली ढिसाळ चूक आहे आणि ५७,३१० पुस्तकांना तिचा फटका बसलाय. आकडे परत आले. चूक असेलही. पण सत्तावन्न हजार पुस्तकं एका शिक्क्याने बाजूला करायची सोय त्यांच्याकडे तयार होती, हे तर खरं ना? आजही ई-पुस्तकांवर 'प्रौढ' असा शिक्का बसला की ते सर्वसाधारण शोधात दिसत नाही. स्वतःची पुस्तकं स्वतः काढणारे लेखक या प्रकाराला अंधारकोठडी म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, तारापूरच्या धुरात बसून या माणसाला अमेरिकेतल्या आकड्याचं काय पडलंय? सांगतो. कारण तेच काम मी स्वतः केलंय, बोईसरात, खडूने.

संध्याकाळी दोन तास मी एका छोट्या वाचनालयात बसतो. तीन कपाटं, एक पंखा, वर्गणी नाममात्र. दरवर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला, आम्ही बाहेरच्या फळ्यावर वर्षभरात सगळ्यात जास्त वेळा गेलेल्या दहा पुस्तकांची नावं लिहितो. पहिली दोन-तीन ठरलेलीच असतात, 'मृत्युंजय' खाली उतरत नाही. काही वर्षांपूर्वी रजिस्टर घेऊन बेरीज करत होतो, तर पाचव्या क्रमांकावर बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर' आली. पुण्याच्या समपथिक ट्रस्टवाले खिरे. एका समलिंगी मुलाची गोष्ट आहे ती. कुणीतरी रद्दीसोबत देणगी दिलेली एकच प्रत, आणि वर्षात १४ वेळा गेलेली. एक प्रत, पंधरा दिवसांची मुदत, म्हणजे वर्षातला बराच काळ कुणा ना कुणाच्या घरी असलेली.

मी काय केलं? सहावं पुस्तक पाचव्यावर चढवलं आणि अकरावं दहाव्यावर घेतलं.

मला कुणी सांगितलं नव्हतं. कमिटीत कुणी विचारलंही नसतं. फळा रस्त्यावरून दिसतो, शाळेची पोरं येता-जाता वाचतात, उगाच कशाला, एवढंच डोक्यात आलं. पुस्तक काढलं नाही, कपाटातही तिथेच ठेवलं. त्यामुळे आपण काही वाईट केलंय असं वाटलंसुद्धा नाही.

पंधरवड्याने एक मुलगा पुस्तक परत द्यायला आला. एमआयडीसीत शिफ्टला जाणारा, खोली घेऊन राहणारा. बोलायचा कमी. पुस्तकाच्या शेवटच्या पानाला आमची तारखेची चिठ्ठी असते, ती त्याने माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "काका, यावर चौदा शिक्के आहेत की." मी म्हटलं, हो. तर म्हणाला, "मला वाटलं मीच एकटा घेतो." एवढंच. फळ्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. फळा त्याच्या पाठीमागेच होता.

मला वाटायचं विक्रीचा आकडा म्हणजे दुकानदारी. त्या दिवशी कळलं की तो आकडा दुसऱ्याच कुणासाठी असतो. तो मुलगा शिक्के मोजत होता. मी बेरीज करून बसलो होतो आणि त्याला सांगितली नव्हती.

पुस्तकं दडपणं आपल्याकडे नवं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. वकील कोण, तर डॉ. आंबेडकर. तरीही २०० रुपये दंड झालाच. मुंबईतल्या 'हॅपी बुक स्टॉल'चे एक भागीदार रणजित उदेशी यांनी 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकली, गिऱ्हाईक बनावट निघालं. दंड २० रुपये. त्या २० रुपयांसाठी माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ साली हरला. पाचच वर्षांनी चंद्रकांत काकोडकर जिंकले. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या कथेसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा आरोप होता, न्यायालय म्हणालं, अश्लील नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट होती. कुणीतरी आरोप केला, कलम सांगितलं, समोर न्यायाधीश होता, वर अपील होतं. भांडायला दार होतं.

आणि आपल्या पालघरला हे वेगळं सांगायला नको. १८ नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या अंत्ययात्रेचा दिवस. बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने लाईक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. देशभर पालघरचं नाव झालं, तेही कशासाठी! पण ते सगळं उघड्यावर होतं, म्हणूनच श्रेया सिंघल यांना याचिका करता आली आणि २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ रद्द झालं. त्या मुलींची पोस्ट कुणी गुपचूप कुणालाच न दिसेल अशी करून ठेवली असती तर? कुणाला अटक नाही, मोडतोड नाही, बातमी नाही. आणि कलमही आज तिथेच असतं.

मुलांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. मला दोन नाती आहेत. शृंगारिक कादंबरी बालविभागात नको, वेगळं कपाट करा, त्यावर पाटी लावा, माझी काही हरकत नाही. पण पाटी लावा. लेखकाला कळवा की तुझ्या पुस्तकावर हा शिक्का मारला, का मारला, आणि काढून घ्यायचा तर कुणाकडे जायचं. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं विकली जाताहेत. म्हणजे आपल्या लेखकांनाही उद्या हाच प्रश्न आहे. आणि समलिंगी माणसाची गोष्ट आणि शृंगारिक कादंबरी एकाच खणात का जाते, हेही कुणीतरी सांगावं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' घ्या. भाऊ आणि बहीण एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडतात आणि मग दोघंही एकेकटे राहतात. त्यात 'प्रौढ' काय, तर दुःख. ३७७चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ला लागला, तरी खण तोच.

यंदा २७ फेब्रुवारीला यादी जशी निघाली तशी लिहिली. 'पार्टनर' आठव्या क्रमांकावर आली, 'कोबाल्ट ब्लू' दहाव्यावर. कमिटीतल्या एकांनी फळ्यासमोर उभं राहून चष्मा पुसला आणि आत येऊन चहा मागितला. दोन सभासदांनी विचारलं, ही आठवी कुठल्या कपाटात आहे? एका आजींनी वर्गणी बंद केली, त्यांना भेटायला जाणार आहे.

तो मुलगा वापीला गेला असं ऐकलं. तारखेची ती चिठ्ठी भरली होती, तिच्यावर मी दुसरी चिकटवली, जुनी काढली नाही. फळ्याचा फोटो सोबत टाकलाय, अक्षर वाईट आहे.