मार्जिन

नाकावरचा कॅन्सर काढताना ते नाक पुन्हा कसं उभं करायचं याचा विचार करू नये, असं मी मदतीला येणाऱ्या तरुण डॉक्टरांना सांगतो. स्वतःला मात्र तो विचार दाबून ठेवायला दर वेळी कष्ट पडतात. प्लास्टिक सर्जनच्या नजरेची ही खोडच म्हणा. पेशंट टेबलावर आडवा झाला की नजर आधी गालाच्या सैल कातडीवर जाते, मग कपाळाच्या उंचीवर. नाकपुडीची कड वाचली तर काम किती सोपं होईल, हे मनात येतं, आणि शाईची रेघ नकळत अर्धा मिलिमीटर आत सरकते. कॅन्सर नेमका त्या अर्ध्या मिलिमीटरात असू शकतो.

अमळनेरला माझ्याकडे येणारे हे पेशंट बहुतेक साठीपुढचे शेतकरी. आयुष्य कपाशीच्या शेतात गेलेलं. आपल्या सावळ्या कातडीला हा रोग गोऱ्यांच्या मानाने फार कमी होतो, पण होतो. आणि कातडीच्या रंगामुळेच तो पुष्कळदा काळा दिसतो, म्हणून मस समजला जातो. कोणी त्याला चुना आणि धुण्याचा सोडा लावून जाळतो. कोणी म्हणतो, चष्मा टोचतो म्हणून जखम आहे, आणि चष्मा बदलून येतो. डोक्यावर पांढरी टोपी असते, पण ती टाळू झाकते. नाक खानदेशी उन्हातच. या कॅन्सरचा बेसल सेल कार्सिनोमा हा प्रकार गळ्याच्या गाठींत सहसा उतरत नाही. दुखतही नाही फारसा. जागच्या जागी पोखरत राहतो, आणि दुखत नाही म्हणूनच माणूस दोन-दोन वर्षं काढतो. स्क्वॅमस जातीचा असला तर मात्र आधी मान चाचपावी लागते.

रेघ भूल देण्याआधी मारायची. इंजेक्शनने कातडी फुगली, पांढरी पडली की कड हरवते. दिवा बाजूने घ्यायचा, भिंग लावायचं, दोन बोटांनी कातडी ताणायची. मग ती किंचित उचललेली चकचकीत कड आणि तिच्यावरून धावणाऱ्या बारीक लाल शिरा दिसतात. तिथे ठिपके द्यायचे आणि त्या ठिपक्यांच्या बाहेर पट्टीने मोजून निदान ४ मिलिमीटर. रोग मोठा, जुना किंवा पुन्हा उलटलेला असेल तर त्याहून जास्त. भूल दिल्यावर तिच्यातल्या अॅड्रेनॅलिनचा परिणाम होईपर्यंत दहा मिनिटं नुसतं बसायचं. घाई करणाऱ्याला नंतर रक्त पुसत बसावं लागतं. तुकडा निघाला की घड्याळात बारा वाजतात त्या जागी एक लांब दोरा, तीनच्या जागी आखूड. पॅथॉलॉजिस्टने ‘तीनच्या कडेला अजून आहे’ म्हटलं, तर ते तीन चेहऱ्यावर कुठे, हे मला कळलं पाहिजे.

इथून पुढचं काम हाताचं नाही, सबुरीचं. मुंबईच्या टाटासारख्या ठिकाणी फ्रोझन सेक्शन होतं. पेशंट टेबलावर असतानाच कडेचा निकाल मिळतो. तालुक्याच्या गावात तुकड्याची बाटली बाहेर जाते आणि रिपोर्टला आठ-दहा दिवस लागतात. तोवर अवघड जागेची जखम मी बुजवत नाही. व्हॅसलिन गॉज, वर पट्टी, आणि घरी. नातेवाईक यावर हमखास चिडतात. ‘एवढं भोक पाडलं आणि तसंच सोडलं?’ त्यांचं चुकत नाही; भरउन्हाळ्यात रोज पट्टी बदलायची ती सुनेने. पण रोग आत ठेवून वरून सुंदर कातडी ओढली, तर तो खाली वाढत राहतो आणि कळतो तेव्हा डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोचलेला असतो. ‘मार्जिन क्लिअर’ एवढे दोन शब्द आले की मी मोकळा. मग खुशाल नाकाचा विचार.

आणि नाकाचा विचार आला की पुणं येतंच. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या माणसाची हकीकत छापून आली. नाव पारशी वाटतं, पण लिहिणाऱ्याने त्याला मराठा शेतकरी म्हटलं आहे. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा. टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावलेला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका विटा घडवणाऱ्या कारागिराने त्याला कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. क्रूसो आणि फिंडले या मुंबईच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक करायचं, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची. टाका एकही नाही. काथात भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या, आणि चार दिवसांनी तुपाच्या घड्या. ही हकीकत वाचून कार्प्यू या लंडनच्या सर्जनने १८१४ मध्ये तसं नाक केलं. कावसजीचं चित्र जगभर गेलं, कारागिराचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, याचा मला अजून राग येतो.

पद्धत आजही बरीचशी तीच आहे. मेणाऐवजी मी टाक्याच्या पाकिटाची चांदी कापून नकाशा करतो. भुवईच्या आतल्या टोकाशी वर चढणारी धमनी कपाळाच्या पट्टीला जगवते, हे आज नावानिशी माहीत आहे. आतलं अस्तर, मधे कानाची कूर्चा, वर कपाळाची कातडी असे तीन थर आम्ही मोजून लावतो. पण एका बाबतीत त्या कारागिराचं काम माझ्याहून सोपं होतं. शिक्षेत कापलेल्या नाकाची कड निरोगी असते. तिच्यावर संशय घ्यायची त्याच्यावर कधी वेळ आली नसेल.

पट्टी फिरवून नाकावर बसवली की तिचा देठ भुवईशी तसाच ठेवावा लागतो, साधारण तीन आठवडे. पुण्याच्या कारागिराने तो पंचविसाव्या दिवशी कापला होता, फार फरक नाही. या काळात चष्मा बसत नाही, पेपर बंद. नाकावर माशी बसली तर कपाळावर बसल्यासारखी वाटते, कारण मज्जातंतू अजून तिथलेच. बोरी नदीकाठच्या एका गावच्या आबांची चिंता वेगळीच होती. ‘डाक्टरसाहेब, आखाजीले लेकी येतीन. ही सोंड देखीसनी काय म्हनतीन?’ मी म्हटलं, ‘आबा, लेकींना आधी फोनवर सांगून ठेवा, एकदम पाहिलं की घाबरतात.’ त्यांनी सांगितलं नाही. उपरणं गुंडाळून ओट्यावर बसले, आणि नातवांनी ते ओढून काढलं.

आबांचं कपाळ अरुंद, केस पार खाली उतरलेले. नाकाच्या शेंड्यापर्यंत पोचायला पट्टीचं टोक केसांत न्यावं लागलं. तिथे केस उगवतील हे मी आधीच बजावलं होतं, लेसरने जातात हेही. दर सहा महिन्यांनी ते तपासायला येतात. नाकाबरोबर कान, गाल, दुसरी बाजू मी पाहतो, कारण एकाला झाला त्याला दुसरीकडे व्हायचा धोका असतोच. लेसरचं विचारलं तर म्हणाले, गावचा न्हावी दाढीबरोबर नाकही करतो आणि पैसे दाढीचेच घेतो.