पाचव्या नकाराच्या आधी

उमरीतल्या एका उपदेशकाचा आवाज अलीकडे बसू लागला आहे. शास्त्रपाठ ठीक होतो, संदेशाच्या मध्यावर मात्र वरची पट्टी सुटते. रविवारचा संदेश आता दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागणार, हे दिसताच त्याने मंडळीतल्या एका तरुणीला विचारलं. तिचं पाठांतर पक्कं, उच्चार स्वच्छ. ती म्हणाली, "मला नाही जमायचं, काका. तिथं उभं राहायची माझी लायकी नाही."

तिच्या नकाराने त्याला बरं वाटलं. हे तो लपवत नाही. "तुमच्यासारखं कुणी सांगत नाही," हे ऐकायची त्याला सवय लागली आहे, आणि ती अजून सुटलेली नाही.

संदेश सांगताना त्याचं सगळं अडतं ते बायबलमधल्या निर्गमाच्या तिसऱ्या-चौथ्या अध्यायांपाशी. देव मोशेला मिसर देशात जायला सांगतो, आणि मोशे पाच वेळा मागे सरतो: मी कोण जाणारा, तुझं नाव काय सांगू, लोक विश्वास ठेवणार नाहीत, माझी जीभ जड आहे, आणि शेवटी, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. पहिल्या चार वेळा देव उत्तर देतो. जिभेचं गाऱ्हाणं ऐकल्यावरही तो रागावत नाही; बोलताना मी तुझ्याबरोबर असेन, असं सांगतो. राग येतो तो पाचव्या वेळी. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या वाक्याच्या मध्ये कुठे तरी नम्रता संपते आणि नकार सुरू होतो. ती जागा आवाजात कशी दाखवायची? तिथे थांबलं तर ऐकणाऱ्याला मोशे भित्रा वाटतो. न थांबता पुढे गेलं तर देव तापट वाटतो. हा उतारा त्याने पुन्हा पुन्हा सांगितला आहे, पण ती जागा त्याला कधीच साधलेली नाही.

त्या मुलीला त्याने मोशेचे हे नकार सांगितले, आणि धीर यावा म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची गोष्टही सांगितली. रेव्हरंड नारायण वामन टिळक 9 मे 1919 रोजी गेले, तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट होतं. येशूचं चरित्र ओव्यांत सांगायचा तो संकल्प. लिहून झाले होते जेमतेम दहा-अकरा अध्याय. लक्ष्मीबाई लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. नवरा नामांकित कवी. स्वतःला त्यांच्या शेजारी ठेवून पाहिलं असतं, तर लेखणी उचललीच गेली नसती. त्यांनी ती उचलली, आणि पुढचा बहुतेक ग्रंथ त्यांच्या हातचा आहे. 1936 साली त्याही गेल्या. ग्रंथ त्यानंतर छापून आला. उपदेशकाचं मत असं, की लक्ष्मीबाईंना आधार ओवीचाच झाला. दळताना बायका ज्या छंदात बोलत आल्या, त्यात बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.

छंदावरून तो हल्लीच्या उपदेशांवर येतो, आणि मग त्याला आवरणं कठीण जातं. घुमणारे माइक, प्रत्येक वाक्याला आरोळी, मागे सिंथेसायझर. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्तकथा कीर्तनाच्या अंगाने मांडली. ते अंग आता कोण शिकतो? इकडे गावोगाव सप्ते बसतात. हरिकीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला कुठे थांबलं, कुठे घाई झाली, हे लगेच कळतं. अशा श्रोत्यापुढे नुसती आरोळी टिकत नाही, असं त्याचं म्हणणं. मोबाइलवरच्या ज्या उपदेशकांना हजारो लोक ऐकतात, त्यांच्यावर तो चिडतो. त्यातली थोडी चीड त्या हजारोंसाठी आहे, हेही तो कबूल करतो.

मुलीने लक्ष्मीबाईंची गोष्ट ऐकून घेतली, पण तिचं मन निर्गमातच होतं. दोन्ही अध्याय घरी वाचून ती परत आली आणि म्हणाली, "काका, देव रागावला ना? मग त्याच रागात त्याने मोशेच्या भावाला, अहरोनला, सोबत का दिलं?"

तो राग आणि ती सोबत एकाच दमात येतात, हे त्याला पाठ होतं. पण त्याचं सगळं लक्ष रागाच्या आधीच्या थांब्यावर असायचं. नंतरच्या सोबतीकडे वळून त्याने कधी प्रश्न केला नव्हता. त्याला तिचा हेवा वाटला, आणि तो चटकन गेला नाही. तरी त्याच संध्याकाळी त्याने पाळकांना कळवलं की येत्या रविवारी निर्गमाचा चौथा अध्याय ती घेईल, आणि आवाज साथ देईल तोवर तिच्याआधीचा शास्त्रपाठ तो वाचेल.