क्रॉफर्ड मार्केटातला पाहुणा

मैत्रिणींनो, क्रॉफर्ड मार्केटात माशांच्या दुकानांपाशी मुलांचा हात घट्ट धरा! तीन वर्षांपूर्वी चिरंजीवांनी तिथून बोटाएवढा रेडटेल कॅटफिश आणला. शेपूट लालचुटुक, मिशा थेट आजोबांच्या! हा ॲमेझॉनकडचा मासा मीटरभर वाढतो, हे दुकानदार बोललाच नाही. आता सहा फुटी टाकीतही त्याला धड वळता येत नाही. सहा बाय दोन बाय दोन, म्हणजे जवळजवळ ६८० लिटर पाणी. वजनही तितकेच किलो, आणि आमची इमारत जुनी, मजला तिसरा! हे म्हणतात, तळ्यात सोडू. मी साफ नाही म्हटलं. तिथले मासे गिळेल की तो! परवा पुन्हा त्याच दुकानात गेले. “मोठे परत घेत नाही, ताई.” शेजारच्या काचेत बोटाएवढे दहा-बारा पोहत होते.